इफ सरांची खुर्ची

आमच्या इंग्रजीच्या सरांना त्यांच्या नावानं हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. हजेरीपटावर नाव असेल, पगाराच्या कागदावर असेल. पण पोरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे ते ‘इफ सर’. हेडमास्तर चिडले की तेसुद्धा म्हणायचे, "त्या इफला बोलवा जरा इकडे." सरांना हे ठाऊक होतं. एकदा नव्या शिपायानं त्यांच्या तोंडावरच ‘इफ सर’ म्हटलं आणि जीभ चावली. सर म्हणाले, "कायले लाजतो बे? शब्द लहान आहे, कामाचा आहे. माह्या नावापेक्षा बरा आहे."

मी बपेऱ्याची. तुमसर तालुक्याचं अगदी टोक, पलीकडे मध्यप्रदेश. हायस्कूल आमच्या गावात नव्हतं, रस्त्यावरच्या मोठ्या गावात होतं. धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं; त्यांच्या धुऱ्यांवरून, मधल्या बांधांवरून जायचं, मध्ये एक नाला, मग मोहाचं झाड, धानाची गिरणी आणि मग शाळा. हे सगळं मी आता तोंडपाठ सांगते, कारण आता मला गप्प बसवणं घरात कोणाला जमत नाही. जावई म्हणतो, "आईंना रेडिओसारखं बटन पाहिजे होतं." म्हणू दे. त्या वयात मी इतकी मुकी होते की त्याचीच ही भरपाई चालली आहे, असं मी त्याला ऐकवते.

तर सर. अंगानं काडीसारखे, पांढरा शर्ट, खाकी पँट आणि पायात लेसवाले तपकिरी बूट. मोजेसुद्धा! भंडारा जिल्ह्यातल्या वैशाखात मोजे घालणारा माणूस म्हणजे एक तर साहेब, नाही तर येडा. पोरांनी दोन्ही बाजूंनी पैजा लावल्या होत्या. खरं कारण साधंच होतं: पायाला पाणी लागलं की सरांना शिंका सुटायच्या. पहिली सुटली की मग थांबायचं नाव नाही. म्हणून पावसाळ्यात ते शाळेच्या आवाराबाहेर फारसे पडत नसत आणि नाल्याच्या शाळेकडच्या बाजूच्या गावांखेरीज कुठल्याही पोराच्या घरी ते कधी गेले नाहीत. राहायचे शाळेतच. व्हरांड्याच्या टोकाला लेझीम आणि फाटके फुटबॉल ठेवायची खोली होती, ती त्यांनी मागून घेतली होती. लेझीम तशाच भिंतीला टांगलेल्या. रात्री वारा सुटला की वाजतात, सोबत होते, असं म्हणायचे.

ते कुठले, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. बोली भंडाऱ्याकडची. कोणी म्हणे कोष्ट्यांच्या घरातले आहेत, बापाचा माग होता. कोणी म्हणे नागपूरला मोठं घर आहे, भांडून आले. मला तर ह्या गोष्टीचा फार चाळा लागला होता. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मास्तर आपापल्या गावी जात. ह्यांची खोली उघडीच. उन्हाळ्यातही उघडीच. मी एकदा मैत्रिणीला कोपर मारून म्हटलं, "सर सुट्टीत कुठं जात असतील वो?" ती म्हणाली, "इफमध्ये जातात." आणि दोघी तोंडात ओढणी कोंबून हसलो.

सरांचा एक जगावेगळा नियम होता. वर्गात मराठीत ‘असतं तर’ म्हणायचं नाही. ‘पाऊस आला असता तर’, ‘अभ्यास केला असता तर’, असं कोणाच्या तोंडून निघालं की सर हात वर करत. "थांब. ते इंग्रजीत सांग." पोरगं घाम पुसत इंग्रजीत जुळवायचं, आणि जुळवेपर्यंत बिचाऱ्याची हळहळ कुठल्या कुठे पळून जायची. हेडमास्तरांनी विचारलं, हे काय खूळ? सर म्हणाले, "आपल्या भाषेत जर-तर म्हटलं का माणूस रडाले बसते. इंग्रजीत म्हटलं का व्याकरण पाहाले बसते."

शिकवायला मात्र ते आमच्याच भाषेतून शिकवत. "हे पाहा. आय वॉज, ही वॉज, हे तुमाले येते. मंग ‘इफ’ लावल्यावर ‘आय वेअर’ काहून? इफ आय वेअर अ किंग. काहून? कारण मी राजा नाही! हे त्या क्रियापदाले मालूम आहे. बिचारं आपला नेहमीचा सदरा काढते अन् दुसरा घालते, का बाप्पा, आता आपल्याले नसलेल्या गावाले जाचं आहे." पुस्तकात ह्याला सब्जंक्टिव्ह मूड म्हणत आणि मराठीच्या मास्तरांनी संकेतार्थ असा शब्द सांगितला होता. सरांना दोन्ही नावं आवडत नसत. ते त्याला ‘नसलेलं गाव’ म्हणत.

आणि तोंडात सदा ‘सो बी इट’. खडू संपले, हेडमास्तर नवे देत नाहीत; सो बी इट. एसटी भरून आली, थांबली नाही. सो बी इट. हेसुद्धा त्याच गावचं वाक्य आहे, म्हणत. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की गुराख्याला हात उंचावून म्हणत, "लाँग लिव्ह युवर बफेलोज!" तो गुराखी बिचारा आधी घाबरायचा. मग त्याला सवय झाली आणि तोही लांबूनच ओरडायचा, "लाँग लीव, गुरुजी!"

आता खुर्चीचं सांगते. हेडमास्तरांच्या ऑफिसातून एक जुनी वेताची खुर्ची बाहेर काढली होती, एक हात मोडलेला, बैठकीचा वेत मधोमध झोळीसारखा खाली गेलेला. सरांनी ती आमच्या वर्गात आणून फळ्यापुढे ठेवली. शनिवारच्या शेवटच्या तासाला एकानं तिच्यात बसायचं आणि ‘इफ आय वेअर’ म्हणून आपण नसलेलं कोणी तरी व्हायचं. मग बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, आणि बसलेल्यानं त्या माणसाच्या जागेवरून उत्तर द्यायचं. पहिलं वाक्य इंग्रजीत. पुढे अडलं तर आपल्या बोलीत चालेल. पण एक अट होती आणि सर ती दर शनिवारी बजावत. "खुर्चीत नसलेलं चालते. खोटं चालत नाही. ज्याचं काही मालूम नाही, त्याच्यात बसाचं नाही."

पोट्टे राजे झाले, मंत्री झाले, आणि प्रश्नांपुढे पटापट पडले. "राजा, तुह्या घोड्याले खायाले काय देतेत?" राजा गप्प. एक जण एसटीचा कंडक्टर झाला, तो मात्र टिकला, कारण त्याचा मामा कंडक्टर होता. एक जण मालगुजारी तलाव झाला, जुन्या मालगुजारांनी बांधलेला गावचा तलाव! "पाणी सोडल्यावर कसं वाटते?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "आधी बरं वाटते. मंग शिंगाडेवाले येऊन चिखलात पाय खुपसतेत, तवा गुदगुल्या होतेत." सर इतके खूष झाले की त्यांनी त्याला आपल्या जेवणाच्या डब्यातली लाखोरीच्या डाळीची वडी काढून दिली.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा म्हटलं, "इफ आय वेअर अ बर्ड." सरांनी कपाळाला हात लावला. "अवो माय! पाखरू तं सगळेच होतेत. पाखराले त्रास काय असते, सांग." मला सांगता येईना. "उतर खाली. ओळखीचं माणूस घेऊन ये." पुढच्या पाळीला मी आई झाले. रोवणीच्या दिवसांत बाया पाण्यात वाकून रोपं लावतात, गाणी म्हणतात, आणि गाण्यानं कंबर दुखायची राहते असं जो तो सांगतो. आमची आई कधीच गात नसे. मी म्हटलं, "इफ आय वेअर माय मदर, आय वुड नॉट सिंग." काहून, असं पोरांनी विचारलं. मी म्हटलं, "गायली तं लोक समजतेत का दुखत नाही." वर्गात कोणी हसलं नाही. सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तास सुटेपर्यंत तिथंच राहिले.

एक गोष्ट मला फार खटकायची. सर स्वतः त्या खुर्चीत कधी बसत नसत. पाय दुखले तर टेबलाला टेकत, खिडकीच्या दगडावर बसत, पण खुर्चीत नाही. तलाव झालेल्या पोरानं एकदा धीर करून म्हटलं, "सर, तुमी बसा ना एकडाव." सर म्हणाले, "मी बसलो तं उठणार नाही." आणि फळा पुसायला लागले. त्या वाक्यानं माझं कुतूहल इतकं चाळवलं की रात्री आईच्या शेजारी पडल्या पडल्या मी विचार करायची, हा माणूस तिथं बसून काय होईल बरं? साहेब होईल? नवरदेव होईल?

मी दहावीत गेले, तेव्हा नवी दहावी नुकतीच सुरू झाली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, चालते, बाजार भरतो, आणि आलेल्या पाहुण्यांमध्ये पोरापोरींची लग्नं जुळतात. त्या वर्षी बपेऱ्याच्या मंडईला साकोलीकडचे पाहुणे आले. मी चहा नेऊन दिला, त्यांनी बशीवरून मला पाहिलं, झालं. घर चांगलं, पोरगा शेतीत खपणारा, मागणं काही नाही. फक्त लग्न फागुनात व्हायला पाहिजे. फागुनात म्हणजे माझ्या परीक्षेच्या तोंडावर. आणि त्याआधी पोरीनं घरात राहून चार कामं नीट शिकावी, असंही त्यांनी सुचवलं. मला दहावी द्यायची होती. किती द्यायची होती, ते सांगायला तेव्हा माझ्याकडे तोंड नव्हतं. बाबा संध्याकाळी अंगणात खाटेवर बसत. मी दारापर्यंत जायची, चौकट धरून उभी राहायची, आणि परत आत येऊन भाकरी थापायची.

आमचे बाबा वाईट नव्हते हो. कोणावर आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. कुठल्या बांधीत पाणी किती मुरतं, कुठल्या हेल्याचा, म्हणजे रेड्याचा, कोणता खूर दुखतो, हे ते झोपेत सांगत. पण पोरींची शाळा ही त्यांच्या लेखी अंगणातल्या चिमण्यांसारखी गोष्ट होती, येतात, जातात. ते शनिवारी शाळेत आले ते माझं नाव काढून घ्यायला. हेडमास्तर नेमके तुमसरला गेले होते, म्हणून शिपायानं त्यांना आमच्या वर्गावर आणलं. शेवटचा तास चालू. बाबा दारात, हातात टोपी. "गुरुजी, पोरगी आता येणार नाही शाळेत. लगीन ठरलं."

मी बाकाखाली घुसायचीच बाकी होते. मला वाटलं सर भाषण देतील. बाकीचे मास्तर देत. सर म्हणाले, "या ना भाऊ, बसा." आणि ती खुर्ची पुढे केली. बाबा संकोचून बसले, वेताच्या झोळीत पार खाली गेले. सर म्हणाले, "ह्या खुर्चीत बसलं का दुसरं कोणी व्हा लागते. तुमी आता तुमची पोरगी. आमी इचारतो, तुमी सांगा."

"मले इंग्रजी कुठं येते, गुरुजी?"

"आज आपल्या बोलीत चालते."

वर्गानं एकमेकांकडे पाहिलं. सरांनी स्वतःचाच नियम मोडला होता. बाबांना गंमत वाटली. मंडईतल्या दंडारीत उभं राहिल्यासारखे ते हसले आणि म्हणाले, "बरं. मी पोरगी असतो तं... इचारा."

एकीनं विचारलं, "बाई, तुले काय पायजे?" बाबा म्हणाले, "बांगड्या. मंडईतल्या." पोरी हसल्या. मग सरांनी विचारलं, अगदी हळू, "शाळेत येताना वाटेत काय दिसते?"

बाबा म्हणाले, "वाटेत... वाट दिसते."

"कोणता विषय आवडते?"

बाबांना एकाही विषयाचं नाव आठवेना. "बाकावर शेजारी कोण बसते?" तेही नाही. बाहेर गिरणीचा फटफट आवाज चालू होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून सहन होत नाही. मोडक्या हातावर जोर देत ते उठले. "नाही जमत, गुरुजी. मले मालूम नाही," एवढं म्हणाले आणि टोपी डोक्यावर न घालता तसेच निघून गेले. नाव काढायचंही राहून गेलं.

मला राग आला तो सरांचा. माझ्या बापाला, कष्ट करणाऱ्या माणसाला, चाळीस पोट्ट्यांपुढे उघडं पाडायचं काय कारण होतं? माझा बाप काय तुमच्या शाळेचा पोरगा आहे? असं सगळं मी गिरणीवरच्या कुत्र्याला सांगत, नाल्याला सांगत घरी गेले. बाबा जेवायला बसले. आईनं विचारलं, "काढलं का नाव?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

सोमवारी सकाळी मी दप्तर घेऊन निघाले. कोणी अडवलं नाही, म्हणून निघाले. धुऱ्यावर आले तर मागं चाहूल. बाबा! लांब अंतर ठेवून चालत होते. मी थांबले की ते थांबत, धानाच्या कणसाकडे पाहिल्यासारखं करत. आईनं मागून हाक मारली, "अवो, कुठं चालले?" तर म्हणाले, "कुठं नाही. पाहून राहिलो." नाल्यापाशी मी चपला काढल्या, हातात घेतल्या, पलीकडे मोहाच्या झाडाखाली पाय पुसले. बाबा मागच्या काठावर उभे राहून पाहत होते. शाळा सुटली तेव्हा झाडाखाली बसलेले. कापणीचे दिवस, शेतात धान उभं, आणि हा माणूस शाळेच्या वाटेवर बसून! काकांनी गावात सांगायला सुरुवात केली की आमचा भाऊ मास्तरच्या खुर्चीत बसून आला, अक्कल तिथंच विसरून आला. बाबा ऐकत आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा निघत.

पुढच्या शनिवारी सरांनी विचारलं, कोण बसते? मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता उठले. बसले आणि म्हटलं, "इफ आय वेअर अ टीचर, आय वुड नॉट इन्सल्ट अ फार्मर."

 कोणीही प्रश्न विचारला नाही. शेवटी सर म्हणाले, "वाक्य बरोबर आहे." आणि मग, "अन् खोटं नाही." मी खाली उतरल्यावर त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि उरलेला तास आम्हाला स्पेलिंग लिहायला लावलं.  मला वाटलं होतं बरं वाटेल; पण बरं वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी शेवटच्या तासाला बाबा दारात आले. टोपी हातात नव्हती, डोक्यावर होती. "येऊ का गुरुजी?" सर गडबडून उठले. काही तरी बोलणार होते, माफीचंच असावं, पण बाबा सरळ भिंतीपाशी गेले, खुर्ची फिरवली आणि बसले.

"इचारा आता," ते म्हणाले.

 तलाव झालेल्या पोरानं विचारलं, "वाटेत काय दिसते?"

"पयले धुरे. मंग नाला येते. तिथं चपला काढतो, हातात घेतो. पलीकडे मोहाखाली पाय पुसतो, परकराच्या काठानं, म्हणून तो काठ नेहमी मळका रायते अन् माय वरडते. गिरणीपाशी एक तांबडं कुत्रं आहे. त्याले मी मोती म्हणतो. ते दुसऱ्या पोराईवर भुकते, माह्यावर भुकत नाही." बाबांनी श्वास घेतला. "वाटेनं मी बोलतो. एकटीच. इंग्रजीत बोलत असीन, मले समजत नाही. घरी मात्र बोलत नाही."

"मंग तुले काय पायजे?" मागच्या वेळी विचारणाऱ्या पोरीनंच पुन्हा विचारलं.

"मी पोरगी असतो तं मागतलं नसतं. मले मागता येत नाही. सांजच्या येळी दारापाशी येतो. चौकट धरतो. बाबा खाटेवर बसला रायते. मी तसाच आत जातो. बाबाले वाटते, पोरगी हवा खाऊन रायली."

सरांनी आता विचारलं, "दारापाशी काय म्हणाचं रायते?"

"परीक्षेवरी थांबा, असं म्हणाचं रायते." बाबा माझ्याकडे वळले. "हव ना, बाई?"

मला रडू आलं. चाळीस जणांपुढे, भोंगा पसरून! त्या रडण्यातच मी म्हटलं, "हव." तेवढंच. पण बापापुढे मागितलेली माझी ती पहिली गोष्ट.

साकोलीचे पाहुणे थांबले नाहीत, त्यांनी दुसरीकडे सोयरीक केली. काका वर्षभर टोमणे मारत राहिले. मी दहावी झाले, इंग्रजीत जेमतेम, बाकी बरी. मग भंडाऱ्याला शिकले, पुढे साकोलीच्याच एका शाळेत मास्तरीण झाले. म्हणजे शेवटी साकोलीला गेलेच, पण माझ्या पायांनी गेले. बाबा भेटायला आले की माझ्या घरापासून माझ्या शाळेपर्यंत एकदा चालून येत.  नवऱ्याला आधी चमत्कारिक वाटायचं, मग तो त्यांना वाटेतला पानठेलाही दाखवायला लागला.

सर रिटायर झाले तेव्हा ऐंशीच्या दशकातली निम्मी वर्षं सरली होती. दिवाळी तोंडावर आलेली, धान पिवळं पडत चाललेलं. बाबा बपेऱ्याहून काठी टेकत आले, मी साकोलीहून बसनं. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. हार, शाल, नारळ, पोहे. नवे हेडमास्तर बोलले, "सर आता आपल्या घरी जाऊन निवांत आराम करतील." टाळ्या पडल्या. मी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. खोलीच्या दारात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी बांधून ठेवलेली. संध्याकाळच्या भंडारा गाडीनं जाणार, असं शिपाई म्हणाला. भंडाऱ्याला कोणाकडे? ते त्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या प्रश्नाशी खेळत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

खुर्ची अजून होती. वेत गेला होता, सुतळीनं विणून काढली होती. पोरांनी कौतुकानं तिला हार घालून स्टेजवर ठेवली होती. भाषणं संपली तसे बाबा उठले. "गुरुजी, तुमी आमाले सगळ्याईले बसवलं. तुमी कवा बसान?"

सर हसले. "मी बसलो तं उठणार नाही, भाऊ."

"उठवू आमी. बसा."

लोक हसले, टाळ्या वाजवायला लागले. सर उगाच चष्मा पुसत राहिले. मग हार बाजूला करून, जपून, जणू खाली विस्तव आहे असे, ते खुर्चीत बसले. तपकिरी बूट शेजारी शेजारी जुळवले. आणि आमच्या ओळखीच्या आवाजात सुरू केलं, "इफ आय वेअर अ मॅन गोइंग होम..."

पुढचं वाक्य येईना. पोरं वाट पाहत होती. मला वाटलं, खुर्चीत बसलेल्याला एकटं ठेवायचं नसतं, विचारायचं असतं, त्यांनीच शिकवलेलं. मी उभी राहिले. "सर, घरी जाताना वाटेत काय दिसतं?"

  सरांनी मान खाली घातली आणि आपल्या बोलीत म्हणाले, "नाही जमत. मले मालूम नाही."

पटांगणात कोणाला काही उमगलं नाही. हेडमास्तर घड्याळ पाहायला लागले. बाबांना उमगलं. ते काठी टेकत स्टेजपाशी गेले आणि सरांपुढे हात केला. "मंग चाला माह्यासंगं. मलेबी पयले मालूम नव्हतं. चालता चालता होते मालूम."

"बपेऱ्याले?"

"हव. घर आहे, खाट आहे, भात आहे. आन माह्याशी इंग्रजी बोलाले कोणी नाही, पोरगी तिकडं साकोलीले."

सरांनी त्या हाताकडे पाहिलं. "सो बी इट," असं ते अगदी पुटपुटले, आणि हात धरून उठले.

ट्रंक एका जुन्या पोरानं सायकलच्या कॅरियरवर बांधली; तलाव झालेला तोच, आता त्याला टक्कल पडत होतं. भंडारा गाडी आली आणि गेली. आम्ही गिरणीवरून, मोहाच्या झाडावरून नाल्यापाशी आलो. गुडघ्याखाली पाणी, स्वच्छ, खाली वाळू दिसत होती. बाबा थांबले.

"इथं पोरगी चपला काढते, गुरुजी," ते म्हणाले. मी शेजारी उभी, एका लेकराची आई. पण ते ‘काढते’च म्हणाले. "तुमीबी काढा."

मी म्हटलं, "बाबा, सरांना पाणी बाधतं, शिंका येतात." पण सर दगडावर बसलेच होते. त्यांनी लेस सोडल्या, मोजे काढून बुटात कोंबले. इतक्या वर्षांत त्यांचे पाय आम्ही कोणी पाहिले नव्हते. लहान मुलासारखे पांढरे होते. एका हातात बूट, दुसऱ्या हातात बाबांचा हात, असे ते पाण्यात उतरले आणि नाल्याच्या मधोमध धडाधड शिंकायला लागले. बाबा हसायला लागले, मी हसायला लागले, सायकलवाला हसता हसता ट्रंक पाडतो की काय असं झालं.

शिंका थांबल्या तसं सरांनी नाक पुसलं, डोळेही पुसले, आणि पाण्यात उभे राहूनच पलीकडे धानाकडे पाहत विचारलं, "पुढे काय दिसते, भाऊ?"